कुलूप एकाचं, अलार्म दुसऱ्याचा: नवं रुग्णालय उघडण्याआधीची तपासणी

गेल्या गुढीपाडव्याला आमचं ३० खाटांचं रुग्णालय जुन्या बंगल्यातून नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या नव्या चार मजली इमारतीत हललं. मी आधी आयसीयूची सिस्टर होते, आता इथे क्वालिटीचं काम बघते. नवी इमारत रुग्ण घेण्याजोगी झाली आहे की नाही हे तपासायची जबाबदारी सरांनी आणि मॅडमनी माझ्यावर टाकली, तेव्हा पोटात गोळाच आला होता. परवान्यांच्या याद्या कुठेही मिळतात. पण इमारतीत उभं राहून नेमकं काय बघायचं, कोणाला काय विचारायचं, कशाला किती वेळ जातो, हे मराठीत सांगणारं मला काही सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. छोटं किंवा मध्यम रुग्णालय काढणाऱ्यांना उपयोग होईल.

हे काम मी इतकं मनावर का घेतलं, तेही सांगते. २०२१ साल आठवा. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. २१ एप्रिलला आपल्या नाशकात, डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारमध्ये आयसीयूला आग. तेव्हा मी जुन्या इमारतीत कोविडच्या ड्युटीवर होते. बातमी कळली तशी आम्ही सगळ्या सिस्टर काही न बोलता आपापल्या बेडवरचा फ्लोमीटर (ऑक्सिजन किती येतोय ते दाखवणारं मीटर) बघायला गेलो. भिंतीतून ऑक्सिजन येतोय म्हणजे येतच राहणार, हा विश्वास त्या दिवसानंतर माझ्यात परत आला नाही.

पावसातली पहिली फेरी

कंत्राटदार म्हणत होते गणपतीपर्यंत सगळं उरकतं, दसऱ्याला उद्घाटन करा. सर-मॅडमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मुहूर्तही काढून ठेवला होता. ऑगस्टमध्ये झड लागली होती, तेव्हा मी आणि आमचे मेंटेनन्सचे काका छत्र्या घेऊन इमारतीत गेलो. इमारत मुसळधार पावसात बघण्याला दुसरा पर्याय नाही. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला, एसीचा डक्ट बाहेर जातो तिथे, हात लावला तर ओल लागली. गच्चीवर त्याच कोपऱ्यात पाणी साचलेलं होतं. ओल्या भिंतीला बुरशी धरते, आणि थिएटरमध्ये बुरशी म्हणजे रुग्णाच्या जखमेत जंतू.

उतार पुन्हा काढला, वॉटरप्रूफिंग पुन्हा झालं. मग गच्चीवर वाफे बांधून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालून छत बघितलं. प्रत्येक बाथरूमलाही हेच केलं. तुमची इमारत उन्हाळ्यात तयार होत असेल तर ही पाणी भरून ठेवायची चाचणी अजिबात सोडू नका.

आणि एक. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी वरच्या सगळ्या पाइपांचे, केबलांचे, डक्टचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. आम्ही मोबाइलवर काढले आणि खोलीच्या नंबराने साठवले. पुढे प्रत्येक वादात हेच फोटो कामी आले.

दसऱ्याचा मुहूर्त मॅडमनीच रद्द केला. घरात थोडी नाराजी झाली, पण पत्रिका छापलेल्या नव्हत्या म्हणून निभावलं. सगळ्या चाचण्या होऊन कागद हातात येईपर्यंत पत्रिका छापायला देऊ नका. एकदा तारीख जाहीर झाली की ‘हे नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचा जोर वाढतो.

ट्रॉली घेऊन फिरणं

ऑक्टोबरमध्ये जुन्या रुग्णालयातली ट्रॉली नव्या इमारतीत नेली. सहा फूट उंचीच्या एका वॉर्डबॉय मामांना तिच्यावर झोपवलं, सलाइनचा स्टँड लावला, पायाशी ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मॉनिटर ठेवला, डोक्याशी अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) धरून एक सिस्टर उभी केली. अशी ही वरात पोर्चपासून कॅज्युअल्टी, एक्स-रे, लिफ्ट, थिएटर आणि आयसीयूपर्यंत फिरवली. नकाशात सगळं बरोबरच होतं. कॉरिडॉर ८ फुटी, दरवाजे दोन झडपांचे. प्रत्यक्षात आयसीयूच्या वळणावर भिंतीतल्या हायड्रंटच्या (आग विझवायच्या पाण्याच्या नळाच्या) पेटीचं दार बाहेर आलेलं, त्यामुळे डोक्याशी उभ्या सिस्टरला बाजूला व्हावं लागत होतं. अँब्यू दाबणाऱ्या माणसाला बाजूला होता येत नसतं. दरवाज्याच्या दुसऱ्या झडपेचा बोल्ट इतका उंच होता की ठेंगण्या मुलीचा हात पोचेना.

पोर्चचा रॅम्प पायांनाच जास्त चढाचा वाटला. मोजला तर १:१२ पेक्षा तीव्र निघाला, आणि वर टाइलला अर्ध्या इंचाचा ओठ. तो फोडून पुन्हा ओतावा लागला. साधारण ४० हजार गेले, निम्मे कंत्राटदाराने सोसले. रॅम्प मोजायला इंजिनिअर लागत नाही. एक इंच उंचीसाठी किमान बारा इंच लांबी, एवढं ध्यानात ठेवा.

याच फेरीत साफसफाईच्या मावशींना बरोबर घेतलं होतं. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी दुसऱ्या मजल्यावर सरळ विचारलं, “ताई, बेडपॅन कुठं धुवायचा?” स्लूस रूम (बेडपॅन धुवायची खोली) होती, सिंक होतं, पण खाली जमिनीला मोरीची जाळीच नव्हती. आर्किटेक्ट, कंत्राटदार, सर, मी, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. रुग्णांच्या संडासांचे दरवाजे आत उघडतात हेही मावशींनीच दाखवलं. आत पेशंट चक्कर येऊन पडला तर अंगानेच दार अडतं. सगळी दारं बाहेर उघडतील अशी फिरवून घेतली, आणि मदतीच्या बेलची दोरी जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लांबवली, म्हणजे पडलेल्या माणसालाही ओढता येईल.

वीज घालवून बघितली

जनरेटर, लिफ्ट आणि विजेच्या मांडणीची तपासणी विद्युत निरीक्षकांकडून होते. अर्ज परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत जातो, अर्थिंगचे आणि इन्सुलेशनचे रिपोर्ट जोडावे लागतात. ते काम नोव्हेंबरमध्ये नीट पार पडलं. पण प्रत्येक लाल सॉकेट खरोखर यूपीएसवर (वीज गेली तरी बॅटरीवर चालणाऱ्या लाइनवर) आहे का, हे बघणं आपलंच काम आहे.

एका रविवारी सगळे एसी, लिफ्ट, थिएटरचे दिवे चालू केले, व्हेंटिलेटर टेस्ट लंग (चाचणीचं रबरी फुफ्फुस) लावून सुरू ठेवले आणि काकांनी मेन स्विच खाली ओढला. जनरेटर काही सेकंदांत आला. मधल्या अंधारात आम्ही टॉर्च घेऊन काय काय बंद पडलं ते लिहीत होतो. गॅसचं अलार्म पॅनल काळं झालं होतं. नर्स-कॉलही (सिस्टरला बोलवायची बेल) मुका. म्हणजे वीज गेली असताना ऑक्सिजनचा दाब उतरला असता तर कुणाला कळलंच नसतं. आयसीयूतल्या एका बेडचं लाल सॉकेट साध्या लाइनवर जोडलेलं निघालं. नंतर साधा टेबललॅम्प घेऊन इमारतीतलं एकूणएक सॉकेट तपासलं आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. कंटाळवाणं काम आहे, पण खर्च लॅम्पचा तेवढा.

आता शीर्षकातली गोष्ट. आयसीयूच्या दाराला कार्ड लावून उघडायचं चुंबकी कुलूप होतं. फायर अलार्म वाजला की ते आपोआप सुटलं पाहिजे. आम्ही अलार्म वाजवला, सगळीकडे भोंगे झाले, दार मात्र घट्ट. कुलूपवाल्यांना फोन केला, ते म्हणाले आमचं कुलूप उत्तम आहे, सिग्नल आला तर सुटेल. अलार्मवाले म्हणाले आमचं पॅनल सिग्नल देतं, पुढे वायर ओढणं आमच्या कामात नाही. दोघांचेही काम पूर्ण झाल्याचे सहीशिक्क्यांचे कागद माझ्या फाइलमध्ये होते. दोन्ही कागद खरे, आणि तरी आग लागली असती तर दार बंद राहिलं असतं. त्या रात्री मला झोप आली नाही. वायर ओढायला आणि रिले (सिग्नल आला की कुलूप सोडणारा स्विच) बसवायला १२ हजारांच्या आसपास लागले.

तिथून माझी तपासणीची पद्धत बदलली. प्रत्येक यंत्रणा नीट चालते का, हे तिचा माणूस बघतोच. मी दोन यंत्रणा जिथे भेटतात ती जागा शोधायला लागले. अलार्म आणि लिफ्ट, अलार्म आणि एसीचा ब्लोअर, वीज आणि गॅसचं पॅनल, पाण्याची टाकी आणि फायर पंप. कोरा कागद घेऊन सगळ्या यंत्रणा आडव्या-उभ्या लिहिल्या आणि जिथे रेघा छेदतात तिथे ‘हे कोणाचं काम?’ असा प्रश्न टाकला. ज्या चौकटीत दोन्ही एजन्सींनी दुसऱ्याचं नाव सांगितलं, ती चौकट मी स्वतः उभं राहून तपासली. आग लागल्यावर एसी चालू राहिला तर धूर तोच खोलीखोलीत पोचवतो, त्यामुळे अलार्म वाजताच एएचयू (एसीची हवा खेळवणारं यंत्र) बंद होतो का, हे प्रत्येक मजल्यावर वेगळं बघितलं.

गॅसची लाइन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाइप टाकणाऱ्यांनी आपला २४ तासांच्या दाबचाचणीचा रिपोर्ट दिलेलाच होता. तरी मी तिऱ्हाईत एजन्सीकडून तपासणी मागितली. ३० हजारांचा खर्च होता, मॅडमनी लगेच होकार दिला.

पहिल्याच दिवशी तंत्रज्ञाने आउटलेटसमोर पांढरं कापड धरलं आणि जोराने हवा सोडली. आयसीयूतल्या दोन आउटलेटच्या कापडावर काळे कण आले. तांब्याच्या पाइपांचे जोड भाजताना आतून नायट्रोजन खेळता ठेवला नाही तर आत काजळीसारखी पापडी धरते, असं त्याने सांगितलं. हे कण व्हेंटिलेटरमध्ये किंवा थेट रुग्णाच्या नाकात गेले असते. कापड पांढरं राहीपर्यंत लाइन धुऊन काढली.

मग दाब धरून ठेवायची चाचणी पुन्हा, आणि त्यानंतर अदलाबदलीची. यात सगळ्या लाइन रिकाम्या करून फक्त ऑक्सिजनच्या लाइनला दाब देतात आणि इमारतीतल्या प्रत्येक आउटलेटला जाऊन बघतात, ऑक्सिजनच्याच तोंडातून हवा येतेय ना, इतर तोंडं कोरडी आहेत ना. मग एअर, नायट्रस (भुलीचा वायू), व्हॅक्युम, एकेक करून. यात अख्खा दिवस जातो आणि मधेच ‘आता पुरे की’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. त्यांना मी इंदूरचं सांगितलं. २०१६ मध्ये तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड गेला आणि दोन मुलं दगावली. आउटलेटचा रंग आणि नाव बरोबर असून भागत नाही, मागचा पाइप तोच असावा लागतो.

आमची आउटलेट सगळी बरोबर निघाली. चुकली होती ती झोन व्हॉल्व्हची, म्हणजे एकेका विभागाचा गॅस बंद करायच्या व्हॉल्व्हची लेबलं. दुसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन व्हॉल्व्ह, एक जनरल वॉर्डचा, एक आयसीयूचा, आणि पाट्या उलट. वॉर्डात आग लागली म्हणून सिस्टरने वॉर्डचा व्हॉल्व्ह बंद केला असता तर आयसीयूचा ऑक्सिजन गेला असता. व्हॉल्व्ह बंद करून, पलीकडे माणूस उभा करून, कुठला फ्लोमीटर खाली येतो ते बघितल्याशिवाय हे कळत नाही. नकाशात तर सगळं बरोबर होतं.

शेवटी खरा ऑक्सिजन सोडून प्रत्येक आउटलेटला अॅनालायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं यंत्र) लावला. आणि मग मला सगळ्यात हवी असलेली चाचणी केली, मुख्य पुरवठाच बंद केला. मॅनिफोल्डच्या (लाइनला ऑक्सिजन पुरवणाऱ्या जोडलेल्या सिलिंडरच्या रांगांच्या) दोन्ही बँक बंद. अलार्म वाजला, सिस्टरनी डमी पेशंट बेडजवळच्या सिलिंडरवर घ्यायला सुरुवात केली, आणि कळलं की सिलिंडरची चावी खाली स्टोअरमध्ये आहे. आता प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात साखळीने चावी बांधलेली आहे. ही ड्रिल पुन्हा केली तेव्हा मुलींचे हात थरथरत नव्हते.

आम्ही सिलिंडरचा मॅनिफोल्डच ठेवला. द्रव ऑक्सिजनची मोठी टाकी बसवणार असाल तर पेसोचा (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवाना आणि टाकीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे नियम प्लॉटचा नकाशा काढतानाच बघा.

अग्निशमन

तात्पुरता ना-हरकत दाखला नकाशा मंजुरीच्या वेळी घेतलेला होता. अंतिम दाखल्यासाठी २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा ‘नमुना अ’ (आगीची यंत्रणा नीट बसवल्याचा दाखला) लागतो. डिसेंबरमध्ये शिंगाडा तलावाच्या मुख्यालयात फाइल दिली, पुढे अधिकारी पाहणीला आले. त्यांनी गच्चीवरचा हायड्रंट उघडून पाणी बघितलं, डिटेक्टरला धूर देऊन बघितला. विजेच्या शाफ्टमध्ये केबल एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात तिथली भोकं उघडी होती, ती आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवायला सांगितली. जिन्याखाली रंगाचे डबे होते, ते हलवायला सांगितले. अधिकारी सोबत असताना प्रश्न विचारायला लाजू नका. आयसीयूचे पेशंट जिन्याने खाली न्यायच्या आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या पलीकडच्या भागात सरकवायचे, ही गोष्ट त्यांनीच आमच्या सिस्टरना समजावून सांगितली. आमची रात्रीची ड्रिल त्यावरच बेतली आहे. पूर्तता आणि फेरपाहणी धरून महिनाभर गेला.

थिएटरचं व्हॅलिडेशन (तिथली हवा ठरलेल्या मापात आहे ना याची चाचणी) लवकर झालं. तासाला किमान २० वेळा हवा बदलणं, त्यात ४ वेळा बाहेरची ताजी हवा, बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कल जास्त दाब, तापमान २१ अंशांच्या आसपास, हेपा फिल्टरची (बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरची) गळती, कणांची मोजणी. एका थिएटरला २० हजारांच्या आतबाहेर लागले. फक्त हे सगळं बांधकामाची धूळ पूर्ण संपल्यावरच करा. व्हॅलिडेशननंतर शेजारच्या खोलीत कुणी ग्राइंडर चालवला तर पैसे वाया.

कागदांचा क्रम

कागद कठीण नसतात, क्रम चुकला की अडतात. अग्निशमनचा अंतिम दाखला आणि लिफ्टचा परवाना हातात आल्यावर महापालिकेच्या नगररचना विभागाकडून भोगवटा प्रमाणपत्र. ते आल्यावर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली वैद्यकीय विभागाकडे नोंदणी. त्यासाठी महापालिकेच्या राजीव गांधी भवनात फाइल देताना सगळ्या डॉक्टरांच्या आणि सिस्टरच्या कौन्सिल नोंदणीच्या चालू प्रती लावा. एका सिस्टरचं नूतनीकरण राहिलेलं असलं तरी फाइल थांबते. पाहणीत खाटा मोजतात, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली आहे का ते बघतात.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र ऑनलाइन होतं, पण कचरा उचलणाऱ्या सामाईक केंद्राशी करार आधी करावा लागतो. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी, बारकोड, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही कचऱ्याची खोली ते गेट हा रस्ता चालून बघा. आमचा रस्ता जेवणाच्या ट्रॉलीला छेदत होता, म्हणून वेळा वेगळ्या केल्या.

एक्स-रेची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ‘ई-लोरा’वर होते. खोलीच्या भिंतीची जाडी आणि दरवाज्यातला शिशाचा पत्रा दार बसवतानाच डोळ्यांनी बघून घ्या, वर लॅमिनेट लागलं की काही दिसत नाही. सोनोग्राफी मशिन जुन्या पत्त्यावरून हलवणार असाल तर पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) नियमाप्रमाणे निदान ३० दिवस आधी कळवावं लागतं. हे कॅलेंडरवर सगळ्यात आधी लिहा, मशिन टेम्पोत घालून न्यायची वस्तू नव्हे. हे सगळं हातात यायला आम्हाला मार्च उजाडला.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस आम्ही इमारत पेशंटविना चालवली. स्टाफचे घरचे लोक पेशंट झाले. केसपेपर, रक्ताचे नमुने, जेवण, औषधं, डिस्चार्ज, सगळं. काकांच्या सत्तरीच्या आईंना सांगितलं, कुणाला न विचारता सोनोग्राफीपर्यंत जा. त्या दोनदा चुकल्या. संध्याकाळी पाट्या मोठ्या अक्षरांत, डोळ्यांच्या उंचीवर आणल्या.

सुरू झाल्यानंतर ‘नमुना ब’ (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, ते काकांच्या फोनवर लावून ठेवलंय. कंत्राटदाराच्या बिलातले ५ टक्के आम्ही वर्षभर राखून ठेवले आहेत, आणि करारात हे आधीच लिहिलेलं होतं म्हणून वाद झाला नाही. तुम्हीही लिहून घ्या. कंत्राटदाराकडे राहिलेल्या कामांच्या यादीतली बरीच कामं मिटली आहेत. तिसऱ्या मजल्यावर सकाळी गरम पाणी यायला अजून फार वेळ लागतो, त्याच्या रिटर्न लाइनचं काम दिवाळीआधी करायचं ठरलंय.